विझव्याच्या अंगणातला दिवा

आमच्या पिएद्रा मान्सा गावात नोल्बेर्तो बारासाला नावाने हाक मारणारी बहुधा मी एकटीच. बाकी गाव त्याला विझव्या म्हणायचं. पाठीमागे नव्हे हो, तोंडावर. आणि तोही ओ द्यायचा. नोकरीच तशी होती त्याची. वर सेरो बायो डोंगराच्या माथ्यावर वेधशाळा, आणि तिच्यापायी खाली दरीतल्या गावांचे दिवे झाकत, वाकवत, विझवत फिरणारा हा माणूस. एखाद्या दिव्याचं तोंड आभाळाकडे दिसलं की याच्या कपाळाला आठ्या पडल्याच. मग घरी जाऊन पत्रा कापायचा, दिव्याला टोपी करून आणायचा, शिडी लावून स्वतः बसवायचा, आणि खाली उतरून वर आपल्यालाच विचारायचा, "आता कसं शांत वाटतं, नाही?"

माझ्या किराणा दुकानाच्या पाटीवर मी एकदा ट्यूबलाइट लावली होती. पांढरीशुभ्र. फुटू नये म्हणून ला सेरेना शहरापासून बसमध्ये मांडीवर घेऊन आणलेली. लावून आठवडा झाला नाही तोच शिडी हजर.

"एदेल्मिरा, हे चालायचं नाही."

"का? आभाळ तुझ्या बापाचं आहे का?"

"बापाचं नाही म्हणून तर. सगळ्यांचं आहे."

"मग त्यात माझाही वाटा आला ना? माझ्या वाट्यावर पडू दे माझा उजेड. तुला काय त्याचं?"

तो शिडीवरच हसत सुटला. हसता हसता ट्यूब काढून माझ्या हातात दिली आणि तिच्या जागी एक पिवळा, टोपीवाला, मरतुकडा दिवा बसवला. त्याच्या उजेडात साखर कुठली नि मीठ कुठलं ते मलाच कळेना. मी असली संतापले की चार दिवस त्याला पाव दिला नाही. शेवटी ओर्फेलिना आली, त्याची बायको. माझी कोमाद्रे. तिच्या लेकीला, यास्नाला, बाप्तिस्म्याच्या दिवशी मी मांडीवर घेतलं, तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींच्या कोमाद्रे, म्हणजे सख्ख्या बहिणींहून थोडं जास्तच. दारात उभी राहून म्हणाली, "कोमाद्रे, भांड त्याच्याशी खुशाल. पण पाव दे. उपाशी मी मरतेय."

अशी ती. तिला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

तर सांगत काय होते, दिवे विझवणं हे काही नोल्बेर्तोचं खरं काम नव्हतं. खरं काम काळोख मोजायचं. ऐकायला येडपटासारखं वाटतं, मलाही वाटायचं. पण दुकानाच्या फळीवर बसून त्याने मला इतक्यांदा सांगितलंय की आता मीच दुसऱ्यांना सांगते. गावातले, शहरातले, खाणीतले सगळे दिवे मालवले, चंद्रही नसला, तरी आभाळ काही पुरतं काळं होत नाही. वरची हवाच स्वतःहून जराशी उजळत असते. सूर्याभोवती पसरलेली धूळ उजळते. दूरचे, डोळ्यांना न दिसणारे तारे मिळून थोडं उजळवतात. हा जो माणसाचा हात न लागलेला उजेड, तो किती, ते मोजायचं. तो आकडा हाताशी असला तरच खाणवाल्यांना आणि शहरवाल्यांना ठणकावून सांगता येतं, बाबांनो, यातली एवढी घाण तुमची. आणि आकडाही उलटा. आकडा मोठा म्हणजे काळोख जास्त. बावीसपर्यंत पोचला की वरची मंडळी बाटली उघडतात. आमचा खाटीक बाउदिलिओ म्हणायचा, "शाळेत मास्तरने मला सातापैकी तिनाच्या वर कधी दिले नाहीत, आणि हा विझव्या काळोखाला बावीस देतोय!"

पण हे माप वाटेल तेव्हा घेता येत नाही. त्याला सूर्य निवांत लागतो. दहा-बारा वर्षांनी एकदा सूर्य थंडावतो, तेव्हा वरच्या हवेची ती झळाळीही सगळ्यात कमी होते. त्यातही वसंतातल्या अमावास्येच्या आसपासच्या रात्री हव्यात, आकाशगंगा डोंगराआड उतरलेली असते तेव्हाच्या. असा योग नोल्बेर्तोच्या नोकरीत चारदा आला. पहिला आला तेव्हा तो वेधशाळेत दुर्बिणींच्या नळ्या पुसणारा पोरसवदा गडी होता. चौथा आला तेव्हा मिशी पांढरी होऊन निवृत्ती दाराशी आली होती.

ओर्फेलिना त्याला पहिल्या वेळीच भेटली. ती वरच्या स्वयंपाकघरात होती, रात्रभर जागणाऱ्यांना चहा आणि शेळीचं चीज घातलेले पाव पोचवायला. डोंगरावर रात्री बॅटरी, कंदील, काडी, काही म्हणजे काही लावायची सोय नाही. बाकीचे थोडा वेळ अंधारात उभे राहिले की त्यांचे डोळे सरावायचे आणि पायवाट दिसायला लागायची. हिला कधीच दिसायची नाही. कुठे भिंतीला धडक, कुठे पायरीवर ठेच, एकदा तर चहाच्या थर्माससकट थेट मोठ्या साहेबाच्या अंगावर. ती बाहेर पडली रे पडली की सगळे ओरडायचे, "चहा निघाला, जीव वाचवा!" नोल्बेर्तो ओरडला नाही. त्याने गुपचूप तिचा हात धरला, घुमटापर्यंत नेलं आणि परत आणून सोडलं. दुसऱ्या रात्री पुन्हा. तिसऱ्या रात्री ती हात पुढे करूनच दारात उभी होती. वर्षाच्या आत लग्न.

आम्हा मैत्रिणींना वाटलं, पोरगी भलतीच चलाख, हात धरायला मिळावा म्हणून सोंग करत होती. मी तर लग्नातही सगळ्यांसमोर तिला त्यावरून छळलं. ती नुसती लाजायची. तिला स्वतःलाच वाटायचं की अंधारात सगळ्यांना एवढंच दिसतं, आपणच धांदरट. हा रोग आहे हे कुणाच्या डोक्यात येणार? ला सेरेनाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं तोवर यास्ना मोठी होऊन अंतोफागास्ताला नोकरीला लागली होती. सुरुवात रातांधळेपणाने होते, म्हणाला, मग नजर कडेकडून मिटत येते, हळूहळू दार लोटून घ्यावं तशी. औषध नाही.

परतीच्या बसमध्ये मी तिच्या शेजारी होते. मी स्वतःला मोठी खमकी समजते, पण मला काही रडू आवरेना. शेवटी तिनेच रुमाल काढून दिला. "पूस गं बाई डोळे," म्हणाली. "लोकांना वाटेल तुझेच गेले."

नवस झाले, आंदाकोयोच्या देवमातेकडे चालत जाऊन झालं. दार लोटलं जातच राहिलं. शेवटी एवढीशी फट उरली, नाण्याएवढी. तीही उन्हात कामाची नाही. उन्हात सगळं पांढरं धुकं व्हायचं. भोवती काळोख हवा आणि समोर एकाच जागी भक्कम उजेड हवा, तेव्हा कुठे त्या नाण्यातून काही दिसायचं.

मग एका संध्याकाळी बाउदिलिओ धापा टाकत माझ्या दुकानात शिरला. "चल बाहेर! विझव्याने पेटवलंय!"

खरंच की. नोल्बेर्तोच्या अंगणात असला दिवा, असला दिवा, जसा फुटबॉलच्या मैदानावर लावतात. काचेआड कांडी असते तो, क्षणात तापून भाजणारा. त्याने भोवती पत्रे ठोकले होते, वर छप्पर केलं होतं, पण चुन्याच्या भिंतीवरून उजेड उसळून रस्त्यापर्यंत येत होता. माझं डोकं सणकलं. माझ्या ट्यूबला नावं ठेवतोस आणि स्वतःच्या दारात सूर्य आणतोस? पदरचे चार शब्द आधीच जमवून मी तरातरा निघाले आणि त्याच्या फाटकापाशी पोचले.

ओर्फेलिना बाकावर बसली होती. तिच्यासमोर अगदी जवळ, बुटक्या स्टुलावर नोल्बेर्तो, दिव्याचा सगळा झोत तोंडावर घेऊन. त्याचे डोळे पाण्याने भरले होते, दिपून. तिने त्याची हनुवटी धरली होती आणि चेहरा इंच इंच फिरवत होती.

"थांब, हलू नकोस. नाक संपलं. ही आली मिशी. अगंबाई, केवढी पांढरी झालीय रे म्हाताऱ्या!"

"तुझ्या जाचाने."

"बोलू नकोस ना. ओठ हलले की हरवतात, मग मला पुन्हा गालापासून यावं लागतं."

मी तशीच मागे फिरले. दुकानात बाउदिलिओ आणि आणखी दोघं-तिघं मजा ऐकायला टपून बसले होते. मी सांगितलं, "त्या दिव्याबद्दल कुणी चकार शब्द काढला तर त्याने पाव ला सेरेनाहून आणावा." कुणी काढला नाही.

रोज संध्याकाळचा चहा झाला की तासभर दिवा लागायचा. एक दिवस कपाळ, एक दिवस कान. सकाळी दुकानात येऊन ती मला सगळं सांगायची, एखादी प्रवासाहून आल्यावर सांगते तसं. तो तास हीच तिची दिवसभराची कमाई होती, बाकीच्या वेळी ती त्या तासाची वाट बघायची. डॉक्टर म्हणाला होता, उरलंय ते काही महिने टिकेल, कदाचित वर्षही, सांगता येत नाही.

आणि सूर्य थंडावला.

वेधशाळेच्या डॉक्टर फ्रेसिया, औषधांच्या नव्हे, ताऱ्यांच्या डॉक्टर, स्वतः गावात आल्या. तरुण बाई, गोड बोलणारी, नोल्बेर्तोला काका म्हणायची. शाळेत सगळ्यांना जमवून म्हणाली, आठ रात्री द्या आम्हाला, दिवस मावळला की एकही दिवा नको. पुढचा असा योग यायला दशक लागेल. लोक तयार झाले. आमच्या लोकांना त्या आभाळाचा भारी तोरा आहे, कितीही कुरकुरले तरी. नोल्बेर्तो घराघरांत फिरून सांगत सांगत माझ्या दुकानाशी आला तेव्हा डॉक्टरबाई तिथेच पपईचा मुरंबा घेत होत्या. बाउदिलिओ सवयीने बोलून गेला, "आमचे सगळे मालव. आणि तुझा रे?"

"माझाही."

"डोकं फिरलंय तुझं," मी म्हणाले.

डॉक्टरबाई तर घाईघाईने म्हणाल्या, "नाही हो काका, तुमचा तास तसाच चालू द्या. एका दिव्याचं काय, वेळ आणि दिशा ठाऊक आहे, आम्ही तेवढं वजा करून टाकू."

नोल्बेर्तोचे कान लाल झाले. "जन्मभर मी लोकांना एकच सांगितलं, एका दिव्याने काय होतंय असं म्हणू नका. आता माझ्या दिव्यापाशी आल्यावर मीच ते म्हणू? या एदेल्मिराला काय तोंड दाखवू? तिची ट्यूब काढली मी."

"जळो ती ट्यूब!" मी ओरडले. "तिच्या तासाचं काय?"

तेव्हा तो फळीवर बसला आणि एकदम हळू, खुशीत बोलायला लागला. "तेच तर सांगतोय. उजेडाने डोळा थकतो, एदेल्मिरा. काळोखाने भरतो. वर नवा माणूस येतो, त्याला स्वतःचा हात दिसत नाही. अर्धा तास अंधारात ठेवा, त्याला दगडन् दगड दिसतो. तिचे डोळे मी रोज त्या दिव्याने भाजतोय. आठ रात्री पुरता विसावा दिला तर नवव्या रात्री बघ. नाण्याची बशी होईल."

आता हे ऐकून शहरातला माणूस हसेल. पण आम्ही त्या डोंगराखाली वाढलेली माणसं. काळोख डोळ्यांचं औषध आहे, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यायलेलो. वरचे ड्रायव्हर, आचारी, सगळे हेच मानायचे. मलाही पटलं. डॉक्टरबाई मात्र जरा घुटमळल्या. "काका, त्यांच्या डॉक्टरांना विचारलंत का?" म्हणाल्या. तो हसून म्हणाला, "काळोखाने कधी कुणाचं वाईट झालंय?"

ओर्फेलिनाने एकदाच विचारलं, "महिनाभराने नाही का जमणार रे?"

"सूर्य थांबत नाही, म्हातारे."

"बरं. मग मी थांबते," ती म्हणाली. "पण आदल्या दिवशी जरा जास्त वेळ लाव."

लावला त्याने. तास संपला तरी ती सोडेना आणि तोही उठेना. सकाळी दुकानात आली ती हसतच. "कोमाद्रे, त्याच्या डाव्या कानामागे तीळ आहे. एवढा टपोरा! इतकी वर्षं संसार केला मेल्याबरोबर आणि मला पत्ता नाही."

मग आठ रात्री. गावाने त्या मजेत काढल्या, खोटं कशाला बोलू. पोरं अंधारात लपाछपी खेळली, कुणी गिटार काढली, बाउदिलिओ दुसऱ्याच्याच घरात शिरून खुर्चीवर बसला आणि जेवण मागत राहिला. नोल्बेर्तो वर असायचा, म्हणून मी ओर्फेलिनाजवळ जाऊन बसायचे. आम्ही दोघी अंगणात, त्या विझलेल्या दिव्याखाली.

"तुलाही काही दिसत नाही ना गं?" ती विचारायची.

"माझाच हात दिसत नाही."

"बरं वाटतं. सगळे माझ्यासारखेच झालेत." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तो म्हणतो, पुरता काळोख जगात कुठेच नसतो. हवासुद्धा उजळते म्हणे. पहिल्या रात्री मला वाटलं, थोडं उजळतंय खरं. आज काही सापडत नाहीये."

मी म्हणाले, झोप आली असेल तुला.

माप उत्तम निघालं. बावीस गाठलं, वर आणखी काही पुढचे आकडे. डॉक्टरबाईंनी खाली येऊन माझा मुका घेतला. चारही वेळांत इतका निखळ काळोख कधी मिळाला नव्हता म्हणाल्या, आणि तो पिएद्रा मान्साने दिला. रविवारी डोंगराच्या पायथ्याशी अख्ख्या गावाला मेजवानी. बाउदिलिओने स्वतःच्या हाताने बोकड भाजला. भाषणं झाली, नोल्बेर्तोचं नाव घेऊन टाळ्या पडल्या. आणि नोल्बेर्तोचा पत्ता नाही. ओर्फेलिनाही नाही. लोक आपसात म्हणायला लागले, शेफारला विझव्या.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तुझ्यासाठी गाव अंधारात बसलं, आणि तू जेवायला येत नाहीस? मी ताटभर मटण बांधून घेतलं आणि निघाले. दिवस नुकताच मावळत होता. लांबूनच दिसलं, अंगणातला दिवा ढणढणत होता. म्हटलं, असं आहे तर. नाण्याची बशी झालेली दिसते, बायकोला तोंड दाखवण्यात भूल पडलीय. राग निम्मा तिथेच उतरला.

फाटकाची कडी वाजली तसा नोल्बेर्तो धावत आला. तोंडावर बोट ठेवून. आठ दिवसांत माणूस किती वाळावा? मला भिंतीच्या आड ओढत नेलं आणि कुजबुजला, "दिवा लागलाय म्हणू नकोस."

"म्हणजे?"

"नवव्या दिवशी लावला. ती केस विंचरून, ओठ रंगवून बसली होती. मी कळ दाबली, समोर बसलो, हनुवटी वर केली. तिने विचारलं, लावलास का?" त्याचा आवाज फुटला. "आणि मी म्हणालो, नाही."

मी हातातलं ताट खाली ठेवलं.

"म्हणालो, मापाच्या रात्री वाढवल्यात. तेव्हापासून रोज तेच सांगतोय. रोज लावतो, रोज समोर बसतो. एखाद्या दिवशी परत आलं तर? मी समोर नको का?"

"डॉक्टर काय म्हणतो?"

"फोन केला होता. म्हणाला, काळोखाचा काही दोष नाही. जायचंच होतं." तो भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. "पण त्या आठ रात्री, एदेल्मिरा. त्यातल्या पहिल्या काही रात्री तिला दिसत होतं. मी वर बसून हवा किती उजळते ते मोजत होतो, आणि ती खाली दिवा नसलेल्या अंगणात बसून उरलेली नजर संपवत होती. माझ्या हातून गेल्या त्या. वजा करतो म्हणत होती ती वेधशाळेतली पोरगी. मी नाही म्हणालो."

ज्याच्याशी जन्मभर भांडले त्याला चार शिव्या द्यायच्या होत्या, एकही आठवेना. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर घेतलं आणि तो लहान पोरासारखा रडला, आवाज न करता, आत ऐकू जाईल म्हणून.

डोळे पुसून आम्ही आत गेलो. ओर्फेलिना बाकावर होती, त्या भगभगत्या झोताच्या काठावर.

"कोण, कोमाद्रे? मटणाचा वास आधी आला आणि मग तू."

"गाव वाट बघतंय तुमची."

"कसं येणार? याची मापं चाललीत अजून. अंधारात कुठे धडपडू?"

नोल्बेर्तोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हो ना. आम्हीही तसेच... अंधारातच जेवलो." किरट्या आवाजात निघालं. तो चहा टाकायला म्हणून आत पळाला.

किटलीचा आवाज आला तशी तिने हात पुढे केला, माझा तळवा शोधला आणि उचलून स्वतःच्या गालावर ठेवला. गाल कढत होता.

"तुला खोटं बोलता येत नाही," ती हळूच म्हणाली. "त्यालाही नाही येत. तोंड भाजतंय गं माझं त्या दिव्याने. पाखरं येऊन आपटतात तोंडावर."

"तुला ठाऊक आहे?"

"पहिल्याच दिवशी. कळ वाजली. मग ऊब लागली गालाला. मी वाट बघितली, खूप वाट बघितली. म्हटलं, दिवा नसेल, दुसरं काही असेल. म्हणून विचारलं, लावलास का? तो नाही म्हणाला, आणि त्याचा आवाज असा आला, असा आला... आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी खोटं बोलला. मग मी कोणत्या तोंडाने म्हणू, की लावलायस रे?"

"अगं, पण सांगून टाक. दोघंही मोकळे व्हाल."

"मोकळा? मला कळलंय हे त्याला कळलं तर मोडेल तो. मी त्याला दोष देते असं वाटेल. नाही गं देत मी. थोडं रडले, तो वर होता तेव्हा. त्याचं तोंड परत बघायचं होतं मला, तेवढंच." तिने माझा हात घट्ट धरला. "शपथ आहे तुला. आणि गावालाही सांग, माझ्यासमोर अजून अंधार आहे असंच म्हणायचं."

मी गावाला सांगितलं. तेव्हापासून तिच्या घरी जो जातो तो दारातून अडखळल्याचं सोंग करत आत शिरतो, बाउदिलिओसुद्धा. माझ्या दुकानाची पाटीही संध्याकाळी विझलेलीच असते, कारण मला ती लावावीशी वाटत नाही.

त्या संध्याकाळी नोल्बेर्तो चहा घेऊन बाहेर आला. पेले आमच्या हातांत दिले आणि तो त्याच्या बुटक्या स्टुलावर जाऊन बसला, सगळा झोत तोंडावर घेऊन. दाढी केली होती. मिशीला पाणी लावून ती बसवली होती.

"म्हाताऱ्या, मापं कधी संपणार रे?" तिने विचारलं.

"झालीच. याच आठवड्यात. सूर्य थांबत नाही ना, म्हणून घाईने..."

"बरं," ती म्हणाली. "मग मी थांबते."

तिने पेला बाकावर ठेवला आणि हात लांब केला. हनुवटी सापडली, मग गाल, मग डावा कान. त्यामागे बोट फिरवून तिने तो तीळ शोधला आणि बोट तिथेच ठेवलं. डोळे दिपून त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण त्याने ते मिटले नाहीत, आणि ती मागे कधीतरी म्हणाली होती तसा, अजिबात न हलता बसून राहिला.